जुनी लष्करी रायफल आणि तिचे काडतूस : पुंगळी काय सांगते

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत ज्या गावातून कोणीच लष्करात गेले नाही असे गाव शोधून काढावे लागेल. सातारा तालुक्यातील अपशिंगे या गावाच्या नावाला तर ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला आहे आणि पहिल्या महायुद्धात त्या एका गावातील ४६ जवान कामी आले. त्या पिढीपासून १९६२ च्या चीन युद्धापर्यंत आपल्याकडच्या शिपायाच्या खांद्यावर जी रायफल होती ती म्हणजे ली-एन्फिल्ड, बोलीभाषेत ‘थ्री नॉट थ्री’. ही रायफल, तिच्याच यंत्रणेवर बेतलेली आणि आजही काही घरांत परवान्यावर असलेली .३१५ ची रायफल, त्यांची निगा, आणि परदेशातील हौशी लोक अशा रायफलींची काडतुसे घरी भरतात म्हणजे नेमके काय करतात, हे या लेखात समजून घ्यायचे आहे. माझे म्हणणे आधीच सांगतो : जुन्या रायफलीची प्रकृती तिच्या पॉलिशवरून कळत नाही; ती उडवलेल्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीवरून कळते. ती पुंगळी वाचता येणे हे मालकाचे पहिले शिक्षण आहे, आणि त्यासाठी काडतूस स्वतः भरण्याची गरज नाही.

रायफलीची ओळख

या रायफलीच्या नावातील ‘ली’ म्हणजे बोल्टची, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याची, यंत्रणा रचणारा जेम्स पॅरिस ली, आणि ‘एन्फिल्ड’ म्हणजे इंग्लंडमधील सरकारी कारखाना, जिथे नळीतील पीळदार खोबण्यांची पद्धत ठरली. १९०७ मध्ये स्वीकारलेला ‘मार्क तीन’ हा नमुना सर्वांत प्रसिद्ध झाला. त्याची नळी सुमारे ६४० मिलिमीटर लांब, वजन चार किलोच्या जवळपास आणि मॅगझीनमध्ये दहा काडतुसे बसत. आपल्याकडे बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात या रायफली बनल्या, आणि त्यांची काडतुसे बनली पुण्याजवळच्या खडकीत. जुन्या पुंगळीच्या बुडावर ‘के एफ’ अशी इंग्रजी अक्षरे दिसली, तर ती खडकीच्या कारखान्याची खूण समजावी.

काडतूस बदलले की रायफलही बदलावी लागते, याचे एक जुने उदाहरण याच रायफलीचे आहे. आरंभीची गोळी २१५ ग्रेन (ग्रेन हे वजनाचे छोटे इंग्रजी माप) वजनाची आणि बोथट नाकाची होती. १९१० मध्ये १७४ ग्रेनची टोकदार ‘मार्क सात’ गोळी आली. ती सेकंदाला साधारण ७४४ मीटर वेगाने निघे आणि तिचा मार्ग अधिक सपाट असे, त्यामुळे जुन्या गोळीसाठी आखलेली नेमाची पट्टी तिला चालत नसे. १९१४ च्या शरद ऋतूत भारतीय पलटणी फ्रान्समध्ये मार्सेय बंदरात उतरल्या तेव्हा त्यांना नव्या दारूगोळ्याला जुळणाऱ्या रायफली तिथेच बदलून देण्यात आल्या, आणि सवयीचे हत्यार सोडून अनोळखी हत्यारानिशी त्या आघाडीवर गेल्या.

घरात काय ठेवता येते

.३०३ हा लष्करी काडतुसाचा बोअर, म्हणजे नळीच्या भोकाचे माप, असल्याने तो भारतात प्रतिबंधित बोअर मानला जातो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ७ नुसार असे शस्त्र बाळगायला केंद्र सरकारची खास अनुमती लागते, आणि सामान्य नागरिकाला ती मिळेल असे धरून चालू नये. ७.६२ मिलिमीटरच्या रायफलींचेही तेच. म्हणून ब्रिटिश काळापासून एक वेगळी वाट निघाली. लष्करी काडतूस नागरी रायफलीत चालू नये, अशा हेतूने ली यंत्रणेच्या शिकारी रायफली ऑस्ट्रिया-हंगेरीच्या जुन्या ८ मिलिमीटर मॅनलिखर काडतुसासाठी बनवल्या गेल्या. तोच आपला .३१५ बोअर. इशापूरने पुढे हीच रायफल नागरिकांसाठी बनवली. म्हणजे सातारा-सांगलीत परवान्यावर असलेली .३१५ ही बोल्टच्या दृष्टीने थ्री नॉट थ्रीची सख्खी बहीण आहे, परंतु दोघींची काडतुसे एकमेकींत चालत नाहीत आणि चालवून पाहूही नयेत.

परवाना देणारा अधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी, आणि पोलिसांचा अहवाल आल्यावरच तो निर्णय घेतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षे झाली आहे. आजोबा वारले आणि रायफल कपाटात राहिली, ही परिस्थिती आपल्याकडे वारंवार येते आणि बहुतेक चुका इथेच होतात. परवाना त्या व्यक्तीचा असतो, घराचा नसतो. परवानाधारक गेल्यावर रायफल विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी आणि मग वारसाने स्वतःच्या नावे अर्ज करावा. शस्त्र नियम २०१६ मध्ये अशा वारसांसाठी वेगळी तरतूद आहे आणि धारकाचे वय ७० झाल्यावर किंवा त्याने शस्त्र २५ वर्षे बाळगल्यावर, म्हणजे त्याच्या हयातीतही, तिचा उपयोग करता येतो. तेराव्यानंतर बघू, मग दिवाळीनंतर बघू, असे म्हणता म्हणता ती रायफल बेकायदा होऊन बसते.

‘पुराणवस्तू आहे, तिला परवाना कशाला’ हा युक्तिवादही पूर्ण खरा नाही. कलम ४५ मधली सूट ही दुरुस्ती करूनही चालू शकणार नाही अशा शस्त्राला आहे. जी रायफल आजही बार काढू शकते ती शंभर वर्षांची असली तरी कायद्याच्या दृष्टीने बंदूकच असते.

काडतूस म्हणजे काय

काडतुसाचे भाग चार : पितळी पुंगळी, तिच्या बुडातील टोपी म्हणजे प्रायमर, आतली दारू, आणि तोंडात बसवलेली गोळी. खटका ओढला की बोल्टमधील पिन टोपीवर आदळते, टोपीतील संवेदनशील मिश्रण पेटते, त्याची ज्योत बुडातील छिद्रातून दारूपर्यंत पोहोचते आणि दारूचा वायू होऊन तो गोळीला नळीतून ढकलतो. या घाईत पुंगळी आणखी एक काम करते आणि तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. ती क्षणभर फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या कप्प्याच्या, भिंतीला घट्ट चिकटते आणि वायूला मागे, म्हणजे नेम धरणाऱ्याच्या डोळ्याकडे, येऊ देत नाही. .३०३ मध्ये हा दाब ३,६५० बारपर्यंत (इथे बार हे दाबाचे एकक) जातो. पितळ लवचिक असल्याने दाब उतरताच पुंगळी थोडी आकसते आणि बाहेर निघते.

आता ली-एन्फिल्डची खास अडचण. माउझर पद्धतीच्या रायफलीत बोल्टला अडवणारे खांदे पुढे, काडतुसाच्या अगदी जवळ असतात. ली यंत्रणेत ते मागे असतात. त्यामुळे बोल्ट झपाट्याने चालतो, पण बार होताना संपूर्ण बोल्ट किंचित दबतो आणि बॉडी, म्हणजे बोल्ट ज्यात चालतो तो पोलादी सांगाडा, किंचित ताणली जाते. त्यातच लष्करी चेंबर मुद्दाम थोडे सैल कापलेले असे, कारण खंदकातील चिखल लागलेले काडतूसही आत जायला हवे होते. हे काडतूस चेंबरमध्ये बसते ते बुडाच्या कडेवर, म्हणजे रिमवर. बोल्टचा दर्शनी भाग आणि ही कड टेकते ती जागा यांमधील अंतराला हेडस्पेस म्हणतात. लष्करी मोजपट्टीत ते ०.०६४ इंचाला सुरू होते आणि ०.०७४ इंचाला रायफल नापास होते. एकूण सवलत पाव मिलिमीटरची.

हे अंतर वाढले तर काय होते? बार होताच पुंगळीचा पुढचा पातळ भाग भिंतीला चिकटतो, जाड बूड मात्र मागे सरकून बोल्टवर टेकते, आणि या दोहोंमधील पितळ ताणून पातळ होते. पुढे कधीतरी पुंगळी तिथेच तुटते, बूड बाहेर येते आणि वरचा भाग चेंबरमध्ये अडकून राहतो. नशीब वाईट असेल तर वायूही मागे येतो.

म्हणून उडवलेली पुंगळी उजेडात धरून पाहावी. बुडापासून साधारण बोटभर वर सभोवार उजळ, चकचकीत कडे दिसत असेल तर तिथे पितळ पातळ झाले आहे आणि हेडस्पेस तपासून घेण्याची वेळ आली आहे. टोपी तिच्या खाचेतून मागे डोकावत असेल तरीही संशय हेडस्पेसवरच घ्यावा. टोपी अगदी सपाट होऊन कडेपर्यंत पसरली असेल किंवा तिला भोक पडले असेल तर दाब जास्त झाला असण्याची शक्यता असते. मानेवर, म्हणजे गोळी धरणाऱ्या पुढच्या अरुंद भागावर, फार काजळी दिसली तर पुंगळी भिंतीला नीट चिकटली नाही. आणि मान उभी चिरली असेल तर दोष बहुधा रायफलीचा नसून जुन्या पितळाचा असतो.

या चिरण्याचा इतिहास आपल्या पावसाळ्याशी जोडलेला आहे. ब्रिटिश काळात भारतातील छावण्यांमध्ये साठवलेली काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत. ती बहुतेक घोड्यांच्या पागांमध्ये ठेवलेली असत. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि पुंगळी घडवताना पितळात शिल्लक राहिलेला ताण, या तिघांचा हा परिणाम आहे हे १९२१ मध्ये स्पष्ट झाले. पुंगळी योग्य तापमानाला तापवून तिचा ताण घालवणे हा त्यावरचा उपाय. आपल्या शेतकरी घरांना यातला धडा थेट लागू पडतो : गोठ्यालगतच्या खोलीत किंवा युरियाच्या पोत्यांशेजारी काडतुसे ठेवू नयेत, आणि पितळ चकाकावे म्हणून अमोनिया असलेल्या पॉलिशने ती घासू नयेत.

हातभरणी म्हणजे काय, आणि ती आपल्याकडे का नाही

अमेरिका, ब्रिटन अशा देशांत जुन्या रायफलींचे हौशी मालक एकदा वापरलेली पुंगळी पुन्हा भरतात. तत्त्व साधे आहे : जुनी टोपी काढायची, फुगलेली पुंगळी साच्यात दाबून पुन्हा मापात आणायची, नवी टोपी बसवायची, तोलून दारू घालायची आणि गोळी ठरावीक खोलीपर्यंत बसवायची. त्यांची कारणेही समजण्यासारखी आहेत. बाजारात जुन्या मापाची काडतुसे महाग किंवा दुर्मीळ असतात. झिजलेल्या नळीला किंचित जाड गोळी लागते; .३०३ हा आकडा खोबण्या पाडण्याआधीच्या भोकाचा आहे, गोळीचा व्यास ०.३११ इंचाच्या आसपास असतो, आणि जुन्या नळ्या त्याहूनही सैल झालेल्या आढळतात. शिवाय कमी दाबाचे काडतूस भरले तर म्हाताऱ्या रायफलीवर ताण कमी येतो.

ली-एन्फिल्डसाठी त्यांची एक युक्ती मात्र आपण समजून घेण्याजोगी आहे. पुंगळी पूर्ण दाबून मूळ मापात आणली तर पुढच्या बाराला ती पुन्हा तितकीच ताणली जाते आणि चार-दोन फेऱ्यांत तुटते. म्हणून जाणकार फक्त मान दाबतात आणि बाकीचे अंग त्या रायफलीच्या चेंबरच्या आकाराचेच राहू देतात. मग पुंगळी रिमवर न टेकता आपल्या खांद्यावर, म्हणजे मानेखालच्या उतारावर, टेकते आणि बूड मागे सरकायला जागाच उरत नाही. अर्थात अशी पुंगळी त्याच एका रायफलीची होऊन जाते, शेजाऱ्याच्या रायफलीत ती बसेलच असे नाही.

खडकीच्या जुन्या लष्करी पुंगळ्या या कामाला तशाही गैरसोयीच्याच. त्यांची टोपी बर्डन पद्धतीची, म्हणजे टोपीतले मिश्रण ज्यावर चेपले जाते तो उंचवटा (ऐरण) पुंगळीतच घडवलेला आणि ज्योतीसाठी बाजूला दोन बारीक छिद्रे. बॉक्सर पद्धतीत मध्यभागी एकच छिद्र असते, त्यातून सुई घालून जुनी टोपी सहज पाडता येते. गंमत अशी की बर्डन अमेरिकन होता आणि बॉक्सर इंग्रज, पण अमेरिकेने बॉक्सर उचलला आणि ब्रिटिशांच्या .३०३ ने बर्डन. मूळ .३०३ ची दारूही वेगळीच होती. कॉर्डाइट म्हणजे नायट्रोग्लिसरीन, गनकॉटन आणि थोडी पेट्रोलियम जेली यांच्या लांब शेवया. त्या पुंगळीची मान आवळण्याआधीच तिच्यात भरत. कॉर्डाइटची ज्योत फार उष्ण असल्याने नळीचा चेंबरकडचा भाग तिने लवकर झिजे.

आता आपल्याकडचा कायदा. शस्त्र बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतूस बनवण्याचा परवाना नव्हे. कलम ५ नुसार दारूगोळ्याची निर्मिती, आणि शस्त्राची दुरुस्तीसुद्धा, स्वतंत्र परवान्याशिवाय करता येत नाही. अधिनियमात दारूगोळ्याची व्याख्या इतकी रुंद आहे की काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रेही तिच्यात येतात. परदेशातून कोणी भेट म्हणून आणलेला पुंगळी दाबण्याचा साचा कायद्याच्या नजरेत दारूगोळाच ठरू शकतो. जोडीच्या भागांसह वापरण्याचा हेतू नसलेल्या किरकोळ सुट्या भागांना कलम ४५ मध्ये सूट आहे, म्हणून आजोबांची आठवण म्हणून शोकेसमध्ये ठेवलेली एक रिकामी पुंगळी हा गुन्हा नव्हे. परंतु पुंगळ्या, टोप्या आणि दारू एकत्र सापडल्या तर हेतूचा प्रश्न उरतच नाही. २०१९ नंतर बेकायदा निर्मितीची शिक्षा किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी आहे. मोबाइलवर चित्रफीत पाहून ‘आपणही करून बघू’ म्हणणाऱ्या तरुणांनी हा आकडा आधी वाचावा.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी धोका उरतोच. धूरहीन दारूंचा जळण्याचा वेग एकीचा दुसरीपेक्षा निराळा असतो, दिसायला मात्र त्या सारख्या असतात. चुकीची दारू किंवा चुकून दुप्पट पडलेले माप यांनी दाब रायफलीच्या सहनशक्तीपलीकडे जातो. .३१५ ची कारखान्यात बनलेली काडतुसे परवान्यावर नोंदलेल्या संख्येनुसार शस्त्रविक्रेत्याकडून मिळतात, आणि माझ्या मते आपल्याकडच्या मालकाला तेवढी पुरतात.

निगा

जुन्या लष्करी काडतुसाच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरते. हे मिठासारखेच क्षार आहे. ते हवेतील ओल ओढते आणि नळी गंजवते. तेलाने ते निघत नाही, कारण क्षार तेलात विरघळत नाही. म्हणूनच फौजेत बार झाल्यावर चेंबरकडून नळीत कढत पाणी ओतण्याची पद्धत होती. पाण्याने क्षार धुऊन जातो आणि तापलेली नळी आपोआप सुकते. त्यानंतर पुलथ्रूच्या, म्हणजे नळीतून ओढण्याच्या, दोरीला कोरडी चिंदी, मग तेलाची चिंदी. दोरी सरळ ओढावी. तिरकी ओढली तर ती नळीच्या तोंडाची कड एका बाजूने घासते, आणि नेम बिघडतो तो तिथून. आपल्या काडतुसाची टोपी कोणत्या प्रकारची आहे याची खात्री नसेल तर ती क्षार सोडणारी आहे असेच धरावे.

पुन्हा बार करण्याआधी मात्र चेंबरमधले तेल कोरड्या चिंदीने पुसून घ्यावे. तेलकट भिंतीला पुंगळी चिकटत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर येतो.

बोल्टवरचा आणि बॉडीवरचा क्रमांक एकच आहे ना हे पाहावे. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट आत जातो, फिरतो, बंदही होतो. पण हेडस्पेस त्याच्याबरोबर जुळवलेले नसते. थ्री नॉट थ्रीला ७.६२ ची नळी बसवण्याच्या गोष्टीही कधी कधी ऐकू येतात. इशापूरने १९६० च्या दशकात ७.६२ साठी वेगळ्या पोलादाची ‘२ ए’ रायफल बनवली, कारण त्या काडतुसाचा दाब ४,१५० बारपर्यंत जातो आणि मार्क तीनची जुनी बॉडी त्यासाठी नव्हती.

लाकडाचा दस्ता हा आपल्या हवेत सर्वांत दुर्लक्षित भाग. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माण-खटावमध्ये पाचशेच्या आसपास. जावळी-पाटणमध्ये लाकूड फुगते, तर आटपाडी-जतकडे ते सुकून तडे जातात. कच्चे जवसाचे तेल हाताने चोळून मुरवणे हा फौजेचा जुना उपाय आजही चांगला. वॉर्निश मात्र लावू नये. ते वरून चकाकते आणि आतली ओल आतच कोंडते. मार्क तीनच्या रचनेतील एक बारकावा अनेक हौशी दुरुस्तीकारांना ठाऊक नसतो : मागचा दस्ता काढण्याआधी पुढचे लाकूड काढावेच लागते. दस्त्याच्या लांब स्क्रूचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातील पट्टीत अडकलेले असते, आणि तो आधी फिरवला तर लाकूड फाटते.

रायफल कातडी किंवा मखमली म्यानात कधीही कायमची ठेवू नये, कारण म्यान ओल धरते आणि जिथे ते टेकते तिथे गंज चढतो. कुलूपबंद कोरडे कपाट, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि काडतुसे वेगळ्या कुलपात असावीत. निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र जमा करण्याचा आदेश आला तर ती महिना-दीड महिना दुसऱ्याच्या खोलीत राहणार असते. तिथे कोणी चिंदी मारणार नाही हे गृहीत धरून जमा करण्याच्या आदल्या दिवशी नळीला आणि बोल्टला जाडसर तेल किंवा ग्रीस लावावे, पावतीवर शस्त्राचा क्रमांक स्वतः वाचून पाहावा, आणि परत आल्यावर ते ग्रीस पूर्ण काढल्याशिवाय काडतूस चढवू नये.